कौतिकाबाईच्या हातातला श्वास

तीन वर्षं मी देवाशी बोलले नव्हते. घरातली पूजा सासूबाई करत. आरतीला मी उभी राहत असे, हातही जोडत असे, पण आत काही हलत नसे. याचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं, माझ्या यजमानांनाही नाही. ही गोष्ट पंचाहत्तरच्या सुमाराची. नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात मी भूल देणारी डॉक्टर होते, आणि त्याच्या तीन वर्षं आधी चार वर्षांचं एक लेकरू माझ्या देखरेखीखाली असताना गेलं होतं.

त्या लेकराच्या मेंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं, पण नंतर त्याचा स्वतःचा श्वास पुरेसा येईना. श्वास देणारं यंत्र तेव्हा आमच्याकडे एकच होतं आणि ते दुसऱ्या रोग्याला लावलेलं होतं. अशा वेळी घशातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीला एक काळी रबरी पिशवी जोडत. तिच्यात ऑक्सिजन सोडायचा आणि ती हाताने दाबत राहायची. एक दाब म्हणजे एक श्वास. तासन्‌तास दाबायची, कधी कधी दिवसभर. मी त्या मुलाच्या काकांना पिशवी कशी दाबायची ते शिकवलं आणि दोन घास खायला गेले. काका घाबरले. जोरजोराने, भराभरा दाबू लागले. त्या धांदलीत नळी सरकली. मी धावत आले तोवर उशीर झाला होता. मला कोणी बोल लावला नाही. उलट ते काकाच माझे पाय धरून रडले, माझ्या हातून झालं म्हणाले. चूक तुमची नाही, तुमच्या हाती पिशवी देऊन निघून जाणारीची आहे, एवढं वाक्य बोलायचं धैर्य मला झालं नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, यापुढे पिशवी डॉक्टरशिवाय कोणाच्याही हाती द्यायची नाही. दुसरी, लहान मुलांच्या मेंदूच्या ऑपरेशनला शक्य तोवर उभं राहायचं नाही. आमच्या विभागात एक ज्येष्ठ डॉक्टर होते, ती कामं ते घेत. मी कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. तीन वर्षं अशीच गेली.

मग सुजाता आली. सहा वर्षांची, अंगाने बारीक, दोन घट्ट वेण्या. वडील कापडाच्या गिरणीत कामाला, आई शांताबाई घरी विड्या वळायची. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत त्यांचं घर होतं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं कुटुंब. मुलीला सकाळी उठल्याबरोबर उलटी होई, डोकं दुखे, आणि चालताना ती एका बाजूला झुकत झुकत भिंतीला जाऊन लागे. आधी जंत म्हणून औषधं झाली, मग पित्त म्हणून. आमच्या सर्जननी तपासून क्ष-किरण फोटो काढले, तेव्हा कळलं की मागच्या लहान मेंदूत गाठ आहे. नेमके आमचे ज्येष्ठ डॉक्टर काविळीने अंथरुणाला खिळलेले होते. सर्जननी मला विचारलं. मी म्हटलं, पंधरा दिवस थांबूया, ते बरे होऊन येतील. सर्जन म्हणाले की या पोरीकडे पंधरा दिवस नाहीत, डोळ्यांची नस आत्ताच सुजली आहे. मी तिथून निघाले.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर शांताबाईने मला गाठलं. मुलगी तिच्या कडेवर होती. माझ्याबद्दल तिला कोणी सांगितलं ठाऊक नाही.

"डॉक्टरीणबाई, भूल देणारं कोणी नाही म्हणून ऑपरेशन थांबलं म्हणतात. तुम्ही त आहा नं."

मी तिला सगळं खरं सांगितलं. जागा किती नाजूक आहे, श्वासाचं केंद्र किती जवळ आहे, पोर झोपेल पण उठेलच असं मी सांगू शकत नाही. ती शांतपणे ऐकत होती.

"उठन का नाही हे तुम्हाले मालूम नाही अन् मले बी नाही," ती म्हणाली. "पण इची चाल रोज बिघडून राहिली, हे त मले डोळ्यानं दिसून राहिलं. बसून काहून राहू मी?"

मी हो म्हटलं. तो होकार भक्तीतून आला नव्हता, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. तो हट्टातून आला. या वेळी हात माझाच राहील, कितीही वेळ लागो, असं मी मनाशी पक्कं केलं.

मे महिन्याचे दिवस होते. सकाळी आठलाच ऑपरेशन थिएटरच्या भिंती तापलेल्या होत्या. लहान मुलाला भूल देताना सगळी मापं लहान होतात. औषध थेंबाथेंबाने, रक्त चमच्याने मोजावं लागतं. रक्त भिजलेला प्रत्येक बोळा आम्ही वजन करून ठेवत होतो, कारण तेवढ्या अंगात रक्तच किती असणार. सुजाताला पालथं निजवलं होतं. तिच्या छातीखाली स्टेथोस्कोपची चकती चिकटवून त्याची नळी मी एका कानात घातली होती. सहा तास मी तिचे ठोके ऐकत, एका हाताने पिशवी दाबत ऑपरेशनसाठी पसरलेल्या कापडाच्या तंबूखाली बसून होते. मध्ये एकदा ठोके एकदम मंदावले. मी "थांबा" म्हटलं. सर्जनचा हात होता तिथेच थांबला. दहा-बारा श्वासांनंतर ठोके परत चालीवर आले, मग मी "करा" म्हटलं. गाठ पाण्याने भरलेली होती आणि तिचा बहुतेक भाग निघाला. डोक्यात साठणारं पाणी वाहून जावं म्हणून सर्जननी एक बारीक नळी ठेवून ती खाटेशेजारच्या बाटलीत सोडली. दोन वाजता काम संपलं.

पण सुजाता श्वास घेईना. भूल उतरायची वेळ होऊन गेली तरी पिशवी थांबवली की छाती स्थिर राही. सर्जन म्हणाले सूज असेल, वाट पाहू. श्वासाचं यंत्र धनुर्वाताच्या एका रोग्याला लावलेलं होतं, ते काढणं म्हणजे त्याला मारणं. थिएटरच्या शेजारच्या खोलीत आम्ही तिला हलवलं आणि मी पिशवी घेऊन उशाशी बसले. माझ्या हाताखाली शिकून नुकतीच तयार झालेली एक तरुण डॉक्टर होती. आम्ही दोघींनी आळीपाळीने दुसऱ्या दिवसाची सकाळ गाठली. शांताबाईने दोनदा म्हटलं, मले शिकवा, मी दाबतो. पहिल्यांदा मी मानेनेच नाही म्हटलं. दुसऱ्यांदा तिला इतकं तोडून बोलले की सिस्टरने माझ्याकडे वळून पाहिलं. शांताबाई पायथ्याशी जाऊन उभी राहिली आणि अगदी हलक्या आवाजात वंदना म्हणू लागली. बुद्धं सरणं गच्छामि. ती तेच तेच पुन्हा म्हणत होती, आणि मला तिचा हेवा वाटला, कारण मला कोणाला काही म्हणावंसं वाटत नव्हतं.

सकाळी नऊच्या सुमारास निरोप आला. बुटीबोरीकडच्या एका गावातून आणलेल्या माणसाचा पाय सडत गुडघ्याकडे चालला होता, तो ताबडतोब कापायचा होता. भूल द्यायला दुसरं कोणी नव्हतं. माझ्या त्या तरुण सहकारी डॉक्टरला मी पाठवून दिलं आणि एकटीच राहिले. सिस्टरकडे आणखी चार रोगी होते. मिनिटाला वीस श्वास. सावकाश झाले तर मेंदूची सूज वाढते, घाईचे झाले तर छाती पुरती भरत नाही. मी मोजत होते. दहा वाजेपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी गोळा आला होता. मी हात बदलला. मग तोही हात बधिर झाला. हे मी कोणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मी ते स्वतःलाही सांगत नव्हते.

गरमीमुळे खोलीचं दार उघडं होतं. समोर व्हरांड्यात जमिनीवर एक बाई बसली होती. पन्नाशीची असेल, वाळलेल्या अंगाची, लुगडं कासोट्याने नेसलेलं. ती कितीतरी वेळ आमच्याकडे पाहत होती, पण माझ्या दृष्टीने ती भिंतीचाच भाग होती. ती उठून उंबऱ्याशी आली.

"बाई, तुमचा हात चुकून राहिला," ती म्हणाली. "मंगापासून पाहून राहिलो मी. दोन लहान, एक मोठा, असा चालून राहिला."

मी तिला बाहेर व्हायला सांगितलं. ती गेली नाही आणि आतही आली नाही.

"मी लोहाराघरची हाय. लगन झाल्यापासून भाता मीच चालवतो. थांबला त लोखंड थंड होते, जोरात मारला त जळून जाते. मले चाल समजते."

पुढचा दाब द्यायला मी बोटं मिटू गेले, पण ती मिटलीच नाहीत. पिशवी माझ्या हातातून निसटून गादीवर पडली. शांताबाईने झटकन ती उचलली. पण तिने ती दाबली नाही. मी मना केलं होतं. दोन्ही तळव्यांवर पिशवी धरून ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. पोटच्या पोरीचा श्वास हातात, आणि परवानगीसाठी थांबलेली ती आई. तो क्षण एका श्वासाहून मोठा नसेल, पण तीन वर्षांत मी जे घट्ट धरून ठेवलं होतं ते त्यात सुटलं. कसं, ते मला सांगता येत नाही. शांताबाईच्या हातातून पिशवी घेऊन मी दोन्ही मुठींनी कशीबशी दाबली आणि त्या बाईला म्हटलं, "हात धुवून या."

तिचं नाव कौतिका. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक काळे डाग होते. मी तिचे हात पिशवीवर ठेवले आणि त्यांवर माझे. चार-पाच श्वासांतच मला कळलं की मी तिला काही शिकवत नाही. दाब हळू सुरू होई, भरत जाई, आणि सोडताना हात एकदम उघडे. मुलीची छाती दर वेळी तेवढीच उचलली जात होती. नळी तोंडाशी घट्ट धरायचं काम मी शांताबाईला दिलं. ते तिला आधीच द्यायला हवं होतं. पंधरा-वीस मिनिटांनी मी माझे हात काढून घेतले.

आणि हात मोकळे झाल्यावर मी वीस तासांत पहिल्यांदा त्या मुलीकडे नीट पाहिलं. तोवर मी फक्त पिशवी पाहत होते. तिची मान किंचित वाकडी झाली होती, ती सरळ केली. खाटेचा उशाकडचा भाग उचलून घेतला. मग बाटलीकडे नजर गेली. डोक्यातलं पाणी ज्या नळीने बाटलीत उतरायचं, तिच्यातून थेंब पडत नव्हता. सकाळी चादर बदलली तेव्हा ती नळी खांद्याखाली अडकून दुमडली असावी. कधीपासून, देव जाणे. मी ती हलक्या हाताने सोडवली. पाणी आधी भराभर आलं, मग ठरल्या चालीने थेंब पडू लागले. पिशवी माझ्याच हातात राहिली असती तर हे मला दिसलं नसतं. माझा हात चुकला म्हणून ती बाई आत आली, आणि ती आत आली म्हणून मला डोळे मिळाले.

तेवढ्यात शेजारच्या थिएटरमधून एक मावशी निरोप घेऊन आली. कौतिकाबाईला ती म्हणाली, रक्त मिळायला उशीर झाला, तुमच्या मालकाला आता आत घेतलं आहे, दारापाशी येऊन बसा. तेव्हा मला समजलं की ज्याचा पाय कापायला माझी सहकारी गेली होती, तो हिचा नवरा. मी म्हटलं, कौतिकाबाई, तुम्ही जा, मी सांभाळते. तिने मान वर केली नाही.

"थो भुलीत हाय," ती म्हणाली. "मी थितं बसून का करू? इथं हात कामाचा हाय."

शांताबाईने पदराच्या टोकाने कौतिकाबाईच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि नंतर दर थोड्या वेळाने पुसत राहिली. मी दोघींना पाहत होते. माझे वडील रामटेकचे, शाळामास्तर होते. गडावरच्या रामाचं नाव ते श्वासागणिक घ्यायचे. मोठ्याने नाही, ओठही हलायचे नाहीत. मला ते कधी जमलं नव्हतं. त्या खोलीत कौतिकाबाईच्या हाताबरोबर ते नाव माझ्या आत चालू झालं. मी ते सुरू केलं नव्हतं. मला काही मागायचंही सुचलं नाही, पोर वाचव असंही नाही. एक दाब, एक नाव. शेजारी शांताबाईचं सरणं. कौतिकाबाई काय म्हणत होती, काही म्हणत होती का, हे मला ठाऊक नाही.

असे दोन तास गेले असतील. मी मध्ये मध्ये सुजाताच्या डोळ्यांच्या बाहुल्यांवर बॅटरीचा उजेड टाकत होते. सकाळी त्या जेमतेम हलत होत्या, आता त्या आकसू लागल्या होत्या. नाडी बरी होती. मी तिच्या पापण्या मिटल्या आणि कौतिकाबाई म्हणाली:

"बाई, मी दाबाच्या आधीच हे आत जाऊन राहिली."

मी पिशवीवर दोन बोटं ठेवली. कौतिकाबाईला हात उघडा ठेवायला सांगितलं. आम्ही तिघी थांबलो. पिशवी आपसूक किंचित आत गेली आणि परत भरली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा आत गेली. ते मुलीचं स्वतःचं ओढणं होतं. शांताबाईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली. तिने मुलीच्या कपाळाला गाल लावला. कौतिकाबाई मात्र तशीच बसून होती, मुलीच्या श्वासामागून आपला हात जोडत, तिला आधार देत, जणू याहून वेगळं काही झालंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत सुजाताचा श्वास तिचा झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही नळी काढली. तिने पहिल्यांदा पाणी मागितलं, तेही रागावून.

श्वास परतला त्या दुपारी माझी सहकारी आली, तेव्हाच कौतिकाबाई उठली. नवरा वाचला होता, उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. दोन दिवसांनी मी पुरुषांच्या वॉर्डात तिला भेटायला गेले. काय बोलावं हे मी मनात जुळवत होते. ती खाटेशेजारी बसून नवऱ्याला भाकरी कुस्करून देत होती. मी पायाबद्दल विचारलं. ती म्हणाली, बसूनच त काम करते थो, सांडशी धरायले हात लागतात, अन् घण त मीच मारतो. मी तिचे आभार मानू लागले तेव्हा ती संकोचली. म्हणाली, बाई, तुम्ही आत येऊ देल्लं. तेवढंच म्हणाली.

तीन आठवड्यांनी सुजाता भिंत धरून चालू लागली. शांताबाई तिला त्या वॉर्डात घेऊन गेली, मी बरोबर होते. डोक्याला पांढरी पट्टी बांधलेली ती पोर कोणाकडे नेत आहेत हे न कळून आईला चिकटली होती. कौतिकाबाईने तिला जवळ ओढलं नाही. तिने फक्त तळवा मुलीच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मुलगी हलली नाही. मग कौतिकाबाई म्हणाली, "चाल बराबर हाय वं माय," आणि हात काढून घेतला.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पुढे त्यांची कोणाचीच भेट झाली नाही. त्या दिवशी देव आला होता का, असं मला कोणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही. नळी दुमडली होती, ती सुटली, सूज उतरली, श्वास आला. वैद्यकाच्या भाषेत यात न समजण्यासारखं काही नाही. पण एवढ्या मोठ्या इमारतीत, त्याच व्हरांड्यात, त्याच घटकेला, जन्मभर भाता चालवलेली बाई भिंतीला टेकून बसलेली असावी, आणि माझी बोटं मिटू नयेत, याची जुळणी माझी नव्हती. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मला तोवर वाटत असे. त्या दिवशी आम्ही कोणीच हातपाय गाळले नव्हते. फक्त हे काम माझ्या एकटीचं आहे, एवढा हट्ट माझ्याकडून काढून घेतला गेला. त्याबद्दल मी रोज कृतज्ञ आहे.

नंतर निवृत्त होईपर्यंत मी लहान मुलांची ती ऑपरेशनं टाळली नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईवडिलांना बोलावून पिशवी दाबायला शिकवायचे, घाबरणारे हात ओळखायचे, त्यांच्याजवळ बसायचे, उठून जायचे नाही. त्या पहिल्या लेकराच्या काकांचा पत्ता जुन्या नोंदींतून काढून मी त्यांना पत्र लिहिलं. जे तेव्हा बोलता आलं नाही ते त्यात लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि ते यावं असा माझा हक्कही नव्हता. कोणाच्या तरी हाती श्वास सोपवताना माझे हात आजही कापतील, हे मला ठाऊक आहे. ते शेवटपर्यंत कापतच होते. पण मी नाव घ्यायचे, आणि पिशवी पुढे करायचे.